डावीकडचा किती वेळा तुटला?

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि राहुरीतच राहिलो. त्यामुळे मी बोलायला बसलो की लोकांना वाटतं, आता पाऊस, मुळा नदी किंवा आई यांच्यावर काहीतरी ऐकायला मिळणार. आज या तिन्ही गोष्टी येतील, पण मला सांगायचं आहे ते एका बोल्टविषयी. जाडी करंगळीएवढी, लांबी बोटभर. मोटारीच्या मागच्या शॉकअपला खालून धरून ठेवणारा हा बोल्ट माझ्या गाडीत चार महिन्यांत तीनदा तुटला. का तुटला, हे कळायला मला तीन बोल्ट, दोन गॅरेजं आणि एक म्हातारा माणूस लागला.

२०२२ सालची गोष्ट. माझ्या अम्मीचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यासाठी नगरला जायचं. जिल्ह्याचं आणि शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं, तेवढं समजून घ्या. राहुरी ते नगर अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. मी सेकंडहँड घेतलेली एक छोटी गाडी होती. अम्मी मागे डाव्या बाजूला, उशीला टेकून बसायची. मी गाडी चालवायचो.

नगर-मनमाड रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उसाचे ट्रॅक्टर, शिर्डीला जाणाऱ्या बस, कंटेनर आणि पावसाळ्यात खड्डे. त्या वर्षी तर खड्डा चुकवावा तर पुढचा दिसायचा. गंमत पाहा, याच नगरमध्ये डीआरडीओची व्हेईकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट ही संस्था आहे. लष्करी वाहनांची परीक्षा घेण्यासाठी तिथे मुद्दाम ओबडधोबड रस्ते बांधले आहेत आणि त्यांवरून गाड्या पळवतात. आम्ही गमतीने म्हणायचो, एवढा खर्च कशाला केला, गाड्या आमच्याकडे पाठवायच्या.

जुलैमध्ये परतताना देहऱ्याजवळ मागून 'खाट्' असा आवाज आला आणि मग खडखडाट सुरू झाला. उतरून वाकून पाहिलं तर उजव्या बाजूचा मागचा शॉकअप खालच्या टोकाने सुटून लोंबत होता. बोल्टचा अर्धा तुकडा रस्त्यावर कुठेतरी पडला होता, उरलेला अर्धा मिस्त्रीने ठोकून काढला आणि फेकून दिला. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचा बोल्ट आणून बसवला. तासाभराचं काम. मी म्हटलं, रस्ताच असा, कशाला काय म्हणणार?

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो दुसरा बोल्ट कृषी विद्यापीठाच्या पुढे तुटला. या वेळी दुसरं गॅरेज. तिथला मिस्त्री तरुण, हुशार, कामाला चोख. तो म्हणाला, "चाचा, हा साधा बोल्ट होता. आणि तुमचा शॉकअपपण गेलाय, तेल बघा कसं गळतंय." त्याने नवा शॉकअप टाकला, नगरहून खास हायटेन्साइल बोल्ट मागवला, पाना लावून लालबुंद होईपर्यंत आवळला आणि म्हणाला, "आता हत्तीने ओढला तरी तुटायचा नाही." साध्या बोल्टचा तुकडा त्याने माझ्या हातात दिला, मी तो गाडीच्या कप्प्यात टाकला आणि विसरलो.

नोव्हेंबरमध्ये हत्ती नसताना तो तुटला. आणि तुटला तो जाताना, विळद घाटात. शॉकअपचं सुटलेलं टोक टायरला घासत होतं. गाडी पुढे नेण्याची माझी हिंमत झाली नाही. अम्मीला रस्त्याच्या कडेला सावलीत बसवलं. दुसरी गाडी मिळून रुग्णालयात पोचेपर्यंत आमची वेळ टळून गेली होती, मशीन दुसऱ्या रुग्णाला लागलं होतं. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती रात्र अम्मीने बसून काढली. आडवं झालं की छातीत पाणी चढल्यासारखं व्हायचं, श्वास पुरेना. मी तिच्या पाठीला उशा लावत होतो. त्या रात्री मला कळलं की आपल्या घरातला एक जीव या बोल्टवरही टांगलेला आहे.

आता हे काम नुसतं "रस्ता खराब" म्हणून सोडून देण्यासारखं राहिलं नव्हतं. आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आता ऐंशीच्या घरात आहेत. तुटलेले दोन तुकडे रुमालात घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि सगळी कहाणी सांगितली. रस्त्याला शिव्या दिल्या. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"डावीकडचा किती वेळा तुटला?"

"डावीकडचा? एकदाही नाही."

"रस्ता तोच ना दोन्हीकडं? आन् म्हातारी बसती कुठं?"

"डावीकडेच."

"मग रस्त्याला काय शिव्या देतो? रस्ता उजव्या चाकाचा दुश्मन हाय व्हय?"

मी गप्प झालो. चार महिन्यांत मला हा प्रश्न पडला नव्हता. एकच गाडी, एकच रस्ता, तेच खड्डे. डावीकडे कंपनीने बसवलेला जुना बोल्ट शाबूत आणि उजवीकडे तीन गेले. म्हणजे खड्डा हे निमित्त होतं. दोष उजव्या बाजूच्या जोडणीतच कुठेतरी होता.

मग तात्यांनी बोल्टची 'तोंडं' पाहिली. तुटलेल्या बोल्टचा तुटका भाग म्हणजे त्याचं तोंड. पहिला बोल्ट तर रस्त्यावर गेला, तो कशाने तुटला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर एकही आकडा नव्हता, म्हणजे मऊ लोखंडाचा साधा बोल्ट. तो केळासारखा वाकून मग तुटला होता. तिसरा मात्र सरळ होता. त्याचं तोंड सपाट होतं आणि उन्हात धरल्यावर त्याच्यावर बारीक अर्धगोल रेघा दिसल्या, एकीमागून एक. उन्हाळ्यात मुळा धरणाचं पाणी खाली जाताना काठावर ओळी सोडत जातं ना, अगदी तशा. फक्त एका कडेला नखाएवढा भाग खरबरीत, दाणेदार होता.

तात्या म्हणाले, "या रेघा म्हंजी चीर कुठवर आली होती त्याच्या खुणा. हा घाटात तुटला न्हाई. महिनाभर तुटतच होता. घाटात नुसता हा शेवटचा तुकडा सुटला."

श्रोतेहो, लोखंड असं थकतं, ही गोष्ट माणसाला कळायला बरीच किंमत मोजावी लागली. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आपल्या बळापेक्षा कितीतरी कमी भार सोसणारा आस एके दिवशी अचानक का तुटतो, याचा उलगडा होत नव्हता. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनियरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवलं की भार मोठा असावा लागत नाही, तो पुन्हापुन्हा उलटसुलट पडला तरी पुरतो. जुन्या काळी गाडी स्टेशनात थांबली की एक माणूस हातोडीने चाकं वाजवत जायचा, तो याच भीतीपोटी. आवाज बदलला की चीर आहे असं समजायचं.

आता शॉकअपचं काम पाहा. गाडीचं वजन तो पेलत नाही, वजन स्प्रिंग पेलते. दबलेली स्प्रिंग उसळ्या मारत राहू नये म्हणून शॉकअप आतलं तेल बारीक भोकांतून ढकलतो आणि उसळी जिरवतो. म्हणजे खालच्या बोल्टला प्रत्येक खड्ड्यात एकदा दाब आणि एकदा ओढ. खराब रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-बारा वेळासुद्धा थरथरतं. राहुरी ते नगर तासाभराच्या प्रवासात हे दाबणं-ओढणं हजारो वेळा होतं.

मग चांगला बोल्ट हे सोसतो कसा? मला वाटायचं, जाड असतो म्हणून. तात्यांनी मला पुस्तकं आणायला सांगितली. पाच-सहा पुस्तकं आडवी ओळीने धरून दोन्ही तळहातांनी बाजूंनी दाबायला लावली. दाब होता तोवर सगळी पुस्तकं उचलली गेली. हात जरा सैल केले, मधली पुस्तकं निसटून पडली. माझाच कवितासंग्रह पहिला पडला, हे जाता जाता सांगतो.

बोल्टचं काम असं दाबून धरण्याचं. शॉकअपच्या खालच्या टोकाला रबरी बुश असतो, त्या बुशात एक लोखंडी नळी असते. ती नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बसते आणि बोल्ट सगळ्यांतून आरपार जातो. नट आवळला की दोन कान नळीला चिमट्यात धरतात. खड्ड्याचा हिसका त्या पकडीवर जातो. नळी जागची हलत नाही, पिळतं ते रबर. बोल्ट नुसता ताणलेला शांत उभा असतो. पण पकड सैल असेल तर नळी आत हलते, आणि मग प्रत्येक हिसका थेट बोल्टच्या अंगावर हातोडीसारखा बसतो.

थोडे आकडे सांगतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनची ताकद, आणि पुढचा आठ म्हणजे त्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. बारा मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट सुमारे साडेपाच टन ओढीपर्यंत आपली लांबी राखतो. त्याच जाडीचा ४.६ चा साधा बोल्ट दोन टनांच्या आसपासच लांबायला लागतो. दिसायला दोघे सारखे, फरक डोक्यावरच्या आकड्यात. ८.८ चा असा बोल्ट नीट आवळायचा म्हणजे एक फुटी पान्याच्या टोकाला पंचवीस-सत्तावीस किलोचा जोर, आणि त्यातून साधारण तीन टनांची पकड तयार होते. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरायचा.

साधा बोल्ट ताणला गेला आणि पकड सुटली, हे समजलं. पण तिसरा तर १०.९ चा होता, आणि आवळलाही जोर लावून होता. तो का गेला?

दुसऱ्या दिवशी तात्या आपला जुना व्हर्नियर घेऊन माझ्याबरोबर गॅरेजात आले. त्यांनी आधी ब्रॅकेटचे दोन कान मोजले, चार-चार मिलिमीटर. बुशातली नळी ३६, वायसर २. सगळी जाडी मिळून झाली ४६. मग बोल्टचा बिनआट्याचा, गुळगुळीत भाग मोजला. तो भरला ४८.

काही बोलायची गरज उरली नाही. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्याच्या लक्षात आलं आहे. बोल्ट ताकदीचा होता, पण लांब होता. नट आट्यांवरून फिरत गेला आणि आटे संपले तिथे अडकला. पाना फिरेना, म्हणून हाताला वाटलं की बोल्ट आवळला. प्रत्यक्षात आत दोन मिलिमीटरची पोकळी तशीच होती. नव्या शॉकअपची नळी जुन्यापेक्षा किंचित आखूड होती, त्याने भरच पडली. नट अडकला होता तिथेच, आट्यांच्या पहिल्या खाचेत, चीर सुरू झाली होती. बोल्टच्या मधल्या भागावर नळी आपटून आपटून चकाकी आली होती. ब्रॅकेटच्या कानांभोवती गेरूसारखी लाल पूड होती. दोन लोखंडं एकमेकांवर घासत राहिली की अशी पूड पडते. ती आम्ही सगळ्यांनी आधीही पाहिली होती आणि चिखल समजलो होतो.

तेव्हा मला माझे अब्बा आठवले. ते नालबंद होते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर बैलांच्या पत्र्या डांबराने झिजायच्या, रांगेने बैल यायचे. बैल आडवा पाडून, पाय बांधून अब्बा पत्र्या ठोकायचे. खिळे तुटले म्हणून कुणी परत आला की ते आधी पत्री हलवून बघायचे. म्हणायचे, "कील नइं टुटती, ढीली नाल उसको तोडती." खिळा आपण होऊन तुटत नाही, सैल पत्री त्याला तोडते. लहानपणी शंभरदा ऐकलेलं हे वाक्य. मोटारीला ते लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

दुरुस्ती साधीच होती. ब्रॅकेटचे फाकलेले कान सरळ केले. कानांच्या आतला गंज आणि रंग घासून काढला, कारण रंगाचा थर पुढे दबतो आणि पकड ढिली होते. नळी जिथे टेकते तो भाग झिजलेला नाही याची खात्री केली. कंपनीने सांगितलेल्या लांबीचा आणि ताकदीचा बोल्ट आणला, नट नवा घेतला, कारण एकदा वापरलेला लॉकनट दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकाच जातीचे केले. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी करून केली. गाडी जॅकवर लोंबत असताना आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत धरलं जातं आणि जमिनीवर आल्यावर कायम ताणात राहून फाटतं. आवळायला टॉर्क पाना वापरला. तो त्या गॅरेजात होता, खोक्यात, वापराविना. शंभर किलोमीटरनंतर परत जाऊन एकदा तपासलं.

श्रोत्यांमध्ये ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. लहान खड्ड्यातही मागून 'खट्खट्' असा आवाज येऊ लागला, खड्ड्यानंतर गाडी डुलत राहिली, बोल्टच्या डोक्याभोवती लाल पूड दिसली, तर पुढच्या प्रवासापर्यंत थांबू नका. बोल्ट वाटेत तुटलाच तर गाडी सुरक्षित कडेला घ्या. शॉकअपचं सुटलेलं टोक टायरला आणि ब्रेकच्या नळीला लागणार नाही असं तारेने वर बांधता आलं, तरच अगदी हळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा, नाहीतर गाडी ओढून न्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, घोडी लावल्याशिवाय तर नाहीच. आणि तुटलेला तुकडा फेकू नका. त्याच्यावर काय झालं ते लिहिलेलं असतं. माझा पहिला तुकडा जपला असता तर कदाचित दुसरा-तिसरा तुटलाच नसता.

त्यानंतर तो बोल्ट तुटला नाही. अम्मी २०२४ च्या हिवाळ्यात गेली. पण त्या मधल्या काळात, पावसाळे धरून, रस्त्यामुळे उशीर पुष्कळदा झाला, गाडीमुळे तिचं एकही डायलिसिस चुकलं नाही. रस्ता कसा असावा हे माझ्या हातात नव्हतं, त्यासाठी लोकांनी आंदोलनं केली, मीही जाऊन बसलो. पण दोन मिलिमीटर माझ्या हातात होते. चार महिने मी ते रस्त्याच्या नावावर टाकत राहिलो, याची बोचणी मात्र राहिली.

मित्र विचारतात, यावर कविता केलीस का? नाही केली. तात्यांच्या एका प्रश्नात जे आलं त्यापुढे माझ्याजवळ लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तो तरुण मिस्त्री तेव्हा रागावला नाही की लाजला नाही. त्याने बोल्ट हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीखाली जाऊन तिचाही बोल्ट मोजून आला. परवा त्याच्याकडे गेलो होतो. एक शेतकरी आपल्या जीपचा बोल्ट पुन्हा तुटला म्हणून रस्त्याच्या नावाने ओरडत होता. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि त्याने विचारलं, "दादा, दुसरीकडचा किती वेळा तुटला?"